उताणा शिंपला

शिंपला ओळखायचा असेल तर तो हातात उताणा धरावा. किनाऱ्यावर तो बहुतेक वेळा पालथा पडलेला असतो, कारण लाटेला त्याची फुगीर पाठ वर ठेवणेच सोपे जाते. त्यामुळे आपल्याला आधी दिसते ती पाठ, तिचा रंग, तिच्यावरच्या रेघा आणि नक्षी. संग्रहाला नव्याने लागलेली व्यक्ती घरी आल्यावर शिंपल्यांचे ढीग लावते ते याच रंगांवरून. पांढरे एका बाजूला, तपकिरी दुसऱ्या बाजूला, नागमोडी रेघांचे तिसऱ्या. दिसायला ते ढीग सुंदर असतात, पण त्यांचा जातींशी फारसा संबंध नसतो.

कोकणच्या खाड्यांमध्ये सापडणारे मेरेट्रिक्स या प्रजातीचे शिंपले पाहा. एकाच खाडीत, एकाच जातीत, एक शिंपला दुधासारखा पांढरा असतो, दुसरा पिवळसर, तिसऱ्यावर राखाडी पट्टे आणि चौथ्यावर तपकिरी नागमोडी नक्षी. वाळू, चिखल, वय आणि आनुवंशिकता या सगळ्यांचा तो परिणाम. त्यात ऊन आणि समुद्राचे पाणी उरलासुरला रंगही धुऊन काढतात. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय संग्राहकांनी अशा रंगभेदांवर विसंबून नावांची खैरात केली. आजच्या अभ्यासकांचा बराच वेळ त्यांतली फाजील नावे रद्द करण्यात जातो. आतली बाजू इतकी चंचल नसते. तिच्यावर प्राण्याच्या शरीराने स्वतःच्या खुणा कोरलेल्या असतात आणि प्राणी मेल्यावर त्या वर्षानुवर्षे टिकतात.

त्या खुणा समजायच्या तर आत कोण राहत होते ते माहीत हवे. द्विपुट प्राणी हे मृदुकाय, म्हणजे गोगलगाय, शंख आणि माकुल यांचे नातेवाईक. पण त्यांना डोके नाही आणि शंखवासी प्राण्यांच्या जिभेवर असते तशी दातेरी पट्टीही नाही. बहुतेक द्विपुट कल्ल्यांनी पाणी गाळतात आणि त्यातले सूक्ष्म अन्न खातात. शरीराला दोन्ही बाजूंनी वेढणारा एक पातळ पडदा असतो, त्याला प्रावार म्हणतात. हाच पडदा कॅल्शियम कार्बोनेटचे थर देत शिंपला घडवतो. शिंपल्याची दोन पुटे वरच्या कडेला लवचीक बंधाने जोडलेली असतात. हा बंध सतत पुटे उघडायला पाहतो आणि आतले स्नायू ती मिटून धरतात. प्राणी मेला की स्नायू सैल पडतात, शिंपला आपोआप उघडतो आणि लवकरच दोन पुटे वेगळी होऊन वेगवेगळ्या ठिकाणी वाहत जातात. कोकणातल्या स्वयंपाकघरात हे सगळ्यांनाच ठाऊक असते, कारण तिसऱ्यांच्या एकशिपीत एक पुट काढून टाकतात आणि मांस धरून राहिलेले दुसरे पुट मसाल्यात पडते. संग्राहकाच्या हाती मात्र बहुधा एकच पुट येते आणि ओळख तेवढ्यावरूनच पटवावी लागते.

पहिला प्रश्न असा की हे पुट उजवे की डावे? नवशिक्याला तो क्षुल्लक वाटतो, पण पुढच्या सगळ्या खुणांचा अर्थ त्यावर अवलंबून आहे. काही जातींत उजव्या पुटावर एक दात असतो आणि डाव्यावर दोन. काही जाती एका विशिष्ट पुटानेच खडकाला चिकटतात. उत्तर शोधायचे तर शिंपला उताणा धरा, बिजागरीची कड वर ठेवा आणि आतल्या पृष्ठभागाकडे पाहा. प्रावार जिथे शिंपल्याला चिकटलेला असतो तिथे खालच्या कडेला समांतर अशी एक पुसट रेषा दिसते, ती प्रावार-रेषा. पुष्कळ जातींत ही रेषा एका बाजूला आत वळते आणि खाच तयार करते. खाच नेहमी प्राण्याच्या मागच्या बाजूला असते. तुमच्याकडे पाहणाऱ्या आतल्या पृष्ठभागावर ती उजवीकडे असेल तर पुट उजवे, डावीकडे असेल तर डावे. रेषा पुसट झाली असेल तर शिंपला उन्हात तिरपा धरावा, ओला करून पाहावा किंवा हलक्या हाताने पेन्सिलीचे शिसे घासावे. खाच मुळातच नसेल तर बाहेरचा बंध पाहावा. तो जवळजवळ नेहमी चोचीच्या, म्हणजे बिजागरीजवळच्या टोकदार उंचवट्याच्या, मागे असतो. चोचही बहुधा पुढच्या बाजूला कललेली असते.

‘बहुधा’ म्हणण्याचे कारण डोनॅक्स. वाळूच्या किनाऱ्यावर लाटेबरोबर वर येणारे आणि क्षणात पुन्हा वाळूत शिरणारे हे पाचरीच्या आकाराचे छोटे शिंपले कोकणात जागोजागी भेटतात. त्यांची एक बाजू लांब आणि दुसरी आखूड, जणू छाटलेली. पाहणारा लांब बाजूला मागची समजतो आणि चुकतो. बंध आखूड बाजूला असतो, खाचही तिकडेच उघडते, म्हणजे आखूड बाजूच मागची. डोनॅक्स स्कॉर्टम या मोठ्या जातीत त्या बाजूला धारदार कणा असतो आणि आतून शिंपला जांभळा दिसतो. ही जात एकदा नीट पाहिली की पुन्हा चुकत नाही.

खाचेची खोली माझ्या मते शिंपल्यावरची सगळ्यात बोलकी खूण आहे. वाळूत पुरून राहणारा प्राणी पाणी घेण्या-सोडण्यासाठी दोन नळ्या वर काढतो आणि धोका वाटला की त्या आत ओढतो. आत ओढलेल्या नळ्यांना जागा हवी, म्हणून प्रावार-रेषा तिथे मागे सरते. नळ्या जितक्या लांब तितकी खाच खोल. टेलिना कुळातले पातळ, चपटे शिंपले खोल पुरून राहतात आणि त्यांची खाच पुटाच्या अर्ध्याहून आत जाऊ शकते. मेरेट्रिक्स वरच्या थरात राहतो, त्याची खाच उथळ. कालवे आणि शिनाणे वाळूत पुरून राहतच नाहीत, त्यांना खाचच नाही. प्राणी कधीच नाहीसा झालेला असला तरी तो किती खोल राहत होता याचा अंदाज एका रेषेवरून बांधता येतो. पांढरा, गोल, गुळगुळीत शिंपला हाती आला तर ही रेषा लगेच उपयोगी पडते. डोसिनिया आणि ल्युसिना कुळातले शिंपले बाहेरून फसवण्याइतके सारखे दिसतात, पण डोसिनियाची खाच खोल आणि टोकदार असते, तर ल्युसिनांना खाच नसते. शिवाय ल्युसिनांच्या पुढच्या स्नायूचा ठसा लांबट, जिभेसारखा खाली उतरलेला असतो.

स्नायूंचे ठसे म्हणजे पुटाच्या आत दिसणारे गुळगुळीत डाग. पुढे एक, मागे एक आणि दोन्ही सारख्या आकाराचे असतील तर शिंपला बहुधा वाळू-चिखलात मोकळा राहणाऱ्यांपैकी. पुढचा लहान किंवा नाहीसा आणि मागचा मोठा असेल तर तो तंतूंनी चिकटून राहणारा. कालवे, मोत्याचे शिंपले, खिडक्यांचे शिंपले आणि पंख्यासारखे स्कॅलप यांच्यात मध्याजवळ एकच मोठा ठसा. खिडक्यांचा शिंपला, प्लाकुना प्लासेंटा, इतका चपटा आणि अर्धपारदर्शक असतो की गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी तोच बसवत. त्याच्या आत चोचीपासून निघून दोन बाजूंना फाकणाऱ्या दोन सरळ कडा असतात. तेवढी खूण पाहिली की फुटक्या तुकड्यावरूनही तो ओळखता येतो.

आता बिजागरी. दोन पुटे एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून वरच्या कडेला दात आणि त्यांच्यासाठी खळगे असतात. या दातांच्या रचनेवर शिंपल्यांचे वर्गीकरण दीर्घ काळ उभे होते आणि आजही हातात भिंग घेतलेला माणूस तिथूनच सुरुवात करतो. आर्का कुळात कडेने ओळीत बसलेले, कंगव्यासारखे पुष्कळ बारीक दात. कोकणच्या चिखलात राहणारा टेगिलार्का ग्रॅनोसा याच कुळातला. जाड, फुगीर, पाठीवर १५ ते २० ठसठशीत कंगोरे आणि त्या कंगोऱ्यांवर गाठी. या प्राण्याच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे ते लाल असते, म्हणून त्याला रक्तशिंपला म्हणतात. त्याच्या भाऊबंदांत कंगोऱ्यांची संख्या वेगळी असते, म्हणून इथे कंगोरे मोजणे हा वेळेचा अपव्यय नाही. शिनाण्यांत दात जवळपास नाहीत. मॅक्ट्रा कुळात दातांच्या मध्ये एक त्रिकोणी खड्डा असतो आणि बंध बाहेर नसून त्या खड्ड्यात बसलेला असतो. बाहेरून मॅक्ट्रा आणि व्हीनस कुळातले शिंपले जुळे वाटतील, पण हा खड्डा दिसला की वाद मिटतो.

व्हीनस कुळाशी, म्हणजे आपल्या जेवणातल्या बहुतेक शिंपल्यांच्या कुळाशी, थोडे थांबून ओळख करून घ्यायला हवी. बाजारात तिसऱ्या, शिवल्या, मुळे ही नावे गावागणिक वेगवेगळ्या जातींना लावली जातात, आणि एकाच टोपलीत दोन-तीन जाती मिसळलेल्या असतात. टोपलीतला एक शिंपला त्रिकोणी-अंडाकृती, जाड आणि पाठीवरून गुळगुळीत. दुसरा लांबट आणि पाठीवर कडेला समांतर अशा नियमित ओळी. तिसरा फुगीर, थोडा करडा, जवळजवळ गुळगुळीत. यांतला दुसरा, म्हणजे पाफिया मलबारिका, पाठीवरच्या ओळींमुळे सहज वेगळा काढता येतो. पहिला मेरेट्रिक्स आणि तिसरा मार्सिया ओपिमा (जुन्या पुस्तकांत कॅटेलिसिया ओपिमा) यांच्यात मात्र गोंधळ होतो. मग पुट उताणे करायचे. तिघांच्याही बिजागरीवर चोचीखाली तीन मुख्य दात असतात. मेरेट्रिक्सच्या डाव्या पुटावर या तीन दातांच्या पुढे आणखी एक आडवा दात असतो आणि उजव्या पुटावर त्याच्यासाठी खळगा. पाफिया आणि मार्सियाला हा आडवा दात नाही. मेरेट्रिक्समध्ये बंध ज्या पट्टीवर टेकतो त्या पट्टीवर बारीक आडव्या रेघाही असतात, भिंगाखाली त्या स्वच्छ दिसतात. उकडलेल्या तिसऱ्यांची टरफले फेकण्याआधी एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात आणि हा अभ्यास सुरू करायला त्याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

पाफिया मलबारिका हे नाव आता पुस्तकांतून हळूहळू मागे पडत आहे. १८१७ मध्ये डिल्विन यांनी ही जात मलबारच्या नावाने नोंदवली. पुढे असे दिसले की त्याच शिंपल्याला ग्मेलिन यांनी १७९१ मध्येच दुसरे नाव दिले होते. प्राणिनामांच्या नियमानुसार आधीचे नाव टिकते, म्हणून नव्या याद्यांत तो प्रोटापेस गॅलस या नावाने येतो. केरळच्या अष्टमुडी सरोवरातली या शिंपल्याची मासेमारी २०१४ मध्ये टिकाऊ म्हणून आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणारी भारतातली पहिली ठरली, तेव्हा तिच्या कागदपत्रांत जुनेच नाव होते. संग्रहाच्या चिठ्ठीवर जुने नाव खोडून नवे लिहू नये. खाली नवे जोडावे, तारीख घालावी आणि जुने तसेच राहू द्यावे. कोणी केव्हा काय समजून नाव दिले हाही त्या शिंपल्याच्या नोंदीचा भाग असतो.

कालवांचा प्रश्न वेगळा. त्यांचे डावे पुट खडकाला कायमचे चिकटते आणि खडकाचा आकार घेते. एकाच जातीची दोन कालवे त्यामुळे बाहेरून एकमेकांसारखी दिसतीलच असे नाही. उजवे पुट झाकणासारखे वर असते, म्हणून किनाऱ्यावर सुटे सापडते ते बहुधा तेच. आकारावर भिस्त ठेवता येत नाही तेव्हा कडेकडे वळावे. खडकांवरच्या सॅकोस्ट्रिया कालवांत बिजागरीच्या आजूबाजूच्या आतल्या कडेवर बारीक दाणे असतात आणि समोरच्या पुटात त्यांच्यासाठी खळगे. क्रॅसोस्ट्रिया गटातल्या खाडीच्या कालवांत हे दाणे नसतात. नखाने चाचपले तरी फरक कळतो.

आतून पाहणे किती महत्त्वाचे ठरू शकते ते बंदरांतल्या एका पाहुण्याने दाखवून दिले. मायटिलॉप्सिस सॅलेई हा बोटाच्या पेरापेक्षा फारसा मोठा न होणारा, काळपट, शिनाण्याच्या आकाराचा शिंपला. मूळचा कॅरिबियन समुद्र आणि त्याच्या आसपासचा. जहाजांबरोबर तो पसरत गेला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो विशाखापट्टणम बंदरात सापडला आणि पुढे मुंबईच्या गोद्यांतही नोंदला गेला. बाहेरून पाहिला तर लहान शिनाणा म्हणून कोणीही सोडून द्यावा असा. पण पुट उताणे केले की चोचीच्या आत एक छोटा पडदा, जणू कोनाड्यातली फळी, आणि त्याच्या शेजारी एक बारीक उंचवटा दिसतो. आपल्या हिरव्या शिनाण्यात, म्हणजे पर्ना विरिडिसमध्ये, असा पडदा नसतो. हा प्राणी खरे तर शिनाण्यांच्या घराण्यातलाच नाही. त्याचे नाते तिसऱ्यांकडे जास्त जवळचे. तंतूंनी चिकटून राहण्याच्या सवयीने दोघांना एकच आकार दिला, एवढेच.

१९९९ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या होड्यांच्या धक्क्यांवर तो मोठ्या संख्येने दिसला. तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याला वेळेवर ओळखले. दारे असलेले ते धक्के ताबडतोब बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद सोडण्यात आले आणि काही आठवड्यांत तो तिथून नाहीसा झाला. समुद्रातला परका प्राणी पसरल्यावर समूळ घालवता आल्याची उदाहरणे जगात अगदी थोडी आहेत आणि हे त्यांतले ठळक. भारतीय बंदरांत तो राहिलाच. अलीकडे, २०१९ च्या सुमारास, केरळच्या कायलांत, म्हणजे किनारी सरोवरांत, मायटेला स्ट्रिगाटा या अमेरिकी शिनाण्याची नोंद झाली आणि त्याने अष्टमुडीसारख्या ठिकाणी झपाट्याने जागा व्यापली. त्यालाही बाहेरून हिरव्या शिनाण्यापासून वेगळे करणे कठीण, कारण दोघांचेही रंग बदलतात. आत मात्र मायटेलात पुढच्या स्नायूचा छोटा ठसा असतो आणि प्रौढ पर्नात तो नसतो. कोकणच्या खाड्यांत शिनाणे गोळा करणाऱ्या बायका आणि माशांच्या बाजारात फिरणारे विद्यार्थी यांना हा फरक ठाऊक असेल, तर असा पाहुणा इकडे आल्याची बातमी सरकारी सर्वेक्षणाच्या पुष्कळ आधी लागेल.

मायटिलॉप्सिसचे घराणे वेगळे असे वर म्हटले, पण घराणे ठरवायचे कशावरून? लिनियसने १७५८ मध्ये द्विपुटांचा वर्ग मांडला तेव्हा त्याने बिजागरी हाच मुख्य आधार घेतला. आर्का, व्हीनस, डोनॅक्स, टेलिना, मायटिलस, सोलेन ही आपल्याला अजूनही लागणारी नावे त्याच्या त्या वर्षीच्या पुस्तकातली. कंगव्यासारखे दात पाहून त्याने न्यूक्युला या छोट्या शिंपल्यालाही आर्का म्हटले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञ पॉल पेल्सनीर यांनी शिंपला बाजूला ठेवून कल्ले तपासले. न्यूक्युलाचे कल्ले अगदी जुन्या धाटणीचे निघाले आणि आर्काचे वेगळे. दात सारखे असूनही दोघे लांबचे ठरले. त्यानंतर दातांवाले आणि कल्ल्यांवाले असे दोन पक्ष पडले आणि पुस्तकापुस्तकांतली वर्गवारी बदलत राहिली. १९६५ मध्ये नॉर्मन न्यूवेल यांनी जीवाश्मांसह सगळ्या खुणा एकत्र घेऊन मांडणी केली, ती बराच काळ चालली. अलीकडे डीएनए आणि शरीररचना एकत्र पाहून २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने नवी वंशावळ मांडली. तिच्यात कालवे, शिनाणे, आर्का, स्कॅलप आणि मोत्याचे शिंपले एका मोठ्या शाखेत आहेत, न्यूक्युला वेगळ्या प्राचीन शाखेत, आणि व्हीनस, मॅक्ट्रा, डोनॅक्स, टेलिना व आपला मायटिलॉप्सिस हे इम्पॅरिडेन्शिया नावाच्या शाखेत. जगातल्या ९ ते १० हजार जिवंत जातींपैकी बऱ्याच मोठ्या संख्येची ही शाखा.

एवढी उलथापालथ झाली तरी हातातल्या शिंपल्याला कुळापर्यंत पोचवायला दात, ठसे आणि खाच पुरेशी आहेत. वंशावळ हा पुढचा प्रश्न आहे आणि तो कुळ ठरल्यावरच विचारायचा. नव्या वाचकाने आधी कुळे पक्की करावीत. जातीच्या नावाची घाई करणारा संग्राहक पुष्कळ नावे जमवतो आणि त्यांतली बरीच खोटी असतात.

प्रदेशाचा संग्रह म्हणून पाहायला मुंबईएवढे चांगले उदाहरण आपल्याकडे नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले जमवणारे ॲबरक्रॉम्बी आणि मँचेस्टरचे जेम्स कॉस्मो मेल्विल यांनी १८९३ मध्ये मुंबईच्या सागरी मृदुकायांची यादी छापली. मेल्विल मोठे शंखतज्ज्ञ होते. समुद्राखालच्या तारांची दुरुस्ती करणाऱ्या जहाजाचे कप्तान टाउनसेंड इराणच्या आखातापासून अरबी समुद्रापर्यंतचे शिंपले जमवत. त्यांवरूनही मेल्विल यांनी स्टँडन यांच्यासह मोठे निबंध लिहिले. मेल्विल यांचा संग्रह पुढे संग्राहक टॉमलिन यांच्याकडे गेला आणि आज तो वेल्समधल्या कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १९४९ मध्ये टी. व्ही. सुब्रह्मण्यम, के. आर. करंदीकर आणि एन. एन. मूर्ती यांनी मुंबईच्या द्विपुटांवरचा निबंध मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. हे काम मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण इथल्याच अभ्यासकांनी इथल्याच किनाऱ्यावर फिरून ते केले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जेम्स हॉर्नेल यांचे भारतीय मृदुकायांवरचे पुस्तक काढले आणि १९९८ मध्ये दीपक आपटे यांचे भारतीय शंख-शिंपल्यांवरचे. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे आणि रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचे संग्रहालय शाळेतल्या मुलांनाही पाहता येते.

या जुन्या याद्यांची किंमत आता कळते. बॅकबेचा १८९३ मधला किनारा आज मोठ्या प्रमाणात मरीन ड्राइव्ह आणि नरिमन पॉइंटच्या भरावाखाली आहे. तिथे कोणते शिंपले राहत होते हे सांगायला त्या याद्या आणि खणांतले नमुने उरले आहेत. पण ते सांगू शकतात ते चिठ्ठीमुळे. ज्या नमुन्यावर ठिकाण आणि तारीख लिहिलेली नाही तो कितीही देखणा असो, अभ्यासाला निरुपयोगी आहे. याबाबत मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही. चिठ्ठीवर किनाऱ्याचे नाव, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, जमीन कसली होती (वाळू, चिखल, खडक, खारफुटी) आणि शिंपला जिवंत होता, ताजा मेलेला होता की झिजलेला, एवढे हवे. झिजलेले पुट लांबून वाहत आलेले असू शकते. तो प्राणी इथे राहत होता असे त्यावरून म्हणता येत नाही. दोन्ही पुटे बंधाने जोडलेली आणि बाहेरची तपकिरी साल शाबूत असेल तर मात्र प्राणी जवळच राहत होता असे खात्रीने धरता येते. चोचीजवळ गोल भोक असेल तर तेही नोंदवावे. भोकाची कड बाहेरून पसरट असेल तर ते नॅटिका कुळातल्या शिकारी शंखाचे काम, उभे सरळ असेल तर बहुधा म्युरेक्स कुळातल्याचे.

जपणुकीचे दोन मुद्दे. शिंपले धुवायला आम्ल वापरू नये, त्यात शिंपला विरघळतो. लाकडी कपाटात, विशेषतः ओकसारख्या लाकडाच्या, शिंपल्यांवर पांढरी भुकटी चढते. १८९९ मध्ये लॉफ्टस बाइन यांनी तिचे वर्णन केले आणि तो जंतूंचा रोग मानला, पण तो रोग नव्हे. लाकडातून आणि पुठ्ठ्यातून सुटणाऱ्या अॅसिटिक आम्लाच्या वाफा ओलसर हवेत शिंपल्याला खातात. कोकणच्या पावसाळ्यात हवा वर्षातले कित्येक महिने ओलसर असते, तेव्हा धातूचे किंवा चांगल्या प्लास्टिकचे डबे आणि आम्लविरहित कागद हेच योग्य.

आणि गोळा करताना रिकामेच उचला. जिवंत प्राणी असलेला शिंपला नोंदवा, त्याचा फोटो काढा आणि होता तिथे ठेवा. खिडक्यांचा शिंपला आणि राक्षसी ट्रायडॅक्ना यांच्यासारख्या जातींना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. ते विकत घेऊ नका आणि किनाऱ्यावरच्या दुकानांत मांडलेले दिसले तर वनखात्याला कळवा. घरातल्या एखाद्या डब्यात वर्षानुवर्षे जमलेले शिंपले असतील आणि त्यांतले कुणाला श्रीवर्धनचे, हर्णैचे किंवा वेंगुर्ल्याचे म्हणून आठवत असतील, तर ते आठवणारे माणूस जवळ आहे तोवर चिठ्ठ्या लिहून घ्या. मग तो डबा जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात किंवा संग्रहालयात नेऊन दाखवा.